तीस तास आणि कामाची एक पूर्ण फेरी

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातून बी. कॉम. झालेली एक विद्यार्थिनी नोकरीला लागल्यावर दोनेक महिन्यांनी मला भेटायला आली. पदवीच्या शेवटच्या वर्षी तिने आमच्याच विभागाचा वस्तू व सेवा कराचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला होता. ३० तासांचा तो अभ्यासक्रम आम्ही दिवाळीच्या सुट्टीआधी ६ दिवसांत, रोज ५ तास घेऊन, पार पाडला होता. शेवटी ५० गुणांची चाचणी झाली, तीत तिला ४३ गुण मिळाले आणि तिच्या प्रमाणपत्रावर समन्वयक म्हणून माझी सही आहे. सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका करसल्लागाराच्या कार्यालयात तिला काम मिळाले, ते काही अंशी त्या प्रमाणपत्रामुळेच. पहिल्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याच्या खरेदी बिलांचा गठ्ठा आणि जीएसटीआर-२बीची (पुरवठादारांनी नोंदवलेल्या खरेदी बिलांच्या यादीची) छापील प्रत तिच्यापुढे ठेवून ‘एवढे जुळवून दे’ असे सांगण्यात आले. ती मला म्हणाली, “मॅडम, कायदा पाठ होता, पण बिल हातात घेतल्यावर आधी काय बघायचे तेच कळेना.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ते काम आता आपल्याला नीट येते, हेच सांगायला ती आली होती. मला मात्र त्या प्रमाणपत्रावरच्या सहीचा विचार करणे भाग पडले.

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या छोट्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांविषयी मी आज लिहिते आहे, ते या विचारातून. सोलापुरात वाणिज्य शिकवताना असे बरेच अभ्यासक्रम मी आखले, काही चालवले आणि काही बंद केले. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. छोट्या अभ्यासक्रमाची लांबी तासांत मोजली, तर तो बहुधा फसतो. ज्या कामासाठी तो आहे, त्या कामाची सुरुवातीपासून शेवटापर्यंतची एक पूर्ण फेरी विद्यार्थ्याच्या हातून होते की नाही, यावर तो मोजला पाहिजे.

आधी शब्दांचा गोंधळ दूर करणे आवश्यक आहे, कारण प्रवेशाच्या दिवसांत पालक ‘सर्टिफिकेट’ हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि आपणही त्यांना नीट सांगत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पहिले वर्ष पूर्ण करून कोणी शिक्षण थांबवले, तर आवश्यक श्रेयांक (क्रेडिट) आणि त्यावरचे ४ श्रेयांकांचे कौशल्याचे काम पूर्ण केल्यावर त्याला यूजी सर्टिफिकेट मिळते. ते बाहेर पडण्याचे प्रमाणपत्र आहे. त्याचा आजच्या विषयाशी संबंध नाही. दुसरे, वेळापत्रकातच असलेले व्होकेशनल स्किल कोर्स आणि स्किल एन्हान्समेंट कोर्स. हे पदवीचाच भाग आहेत आणि त्यांचे गुण गुणपत्रिकेत येतात. तिसरे म्हणजे महाविद्यालयाने स्वतः आखलेले, पदवीबरोबर ऐच्छिक म्हणून करायचे अभ्यासक्रम, ज्यांना आम्ही शिक्षक ‘ॲड-ऑन’ म्हणतो आणि मुले ‘फायलीला लावायचा कोर्स’ म्हणतात. चौथे, स्वयंम्‌सारख्या संकेतस्थळावरून घरी बसून करायचे. मी मुख्यतः तिसऱ्या प्रकाराविषयी बोलत आहे, कारण त्याला सर्वांत जास्त मोकळीक आहे आणि ती मोकळीक वाया जाताना मी सर्वांत जास्त पाहिली आहे.

हे ३० तास आले कुठून, तेही सांगते. नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात महाविद्यालयाने किती ॲड-ऑन अभ्यासक्रम चालवले याची नोंद होते आणि तिथे ३० तासांची किमान मर्यादा महत्त्वाची असते. ही मर्यादा योग्यच आहे, कारण त्याहून कमी वेळात काही शिकवले असे म्हणणेच अवघड आहे. चूक आमच्याकडून झाली. किमान मर्यादा हेच आम्ही उद्दिष्ट मानले आणि मग प्रत्येक विषय, तो कोणताही असो, ३० तासांच्या साच्यात बसवू लागलो. श्रेयांकाचा साधारण हिशोब पाहिला, तर १ श्रेयांकाला व्याख्यानाचे १५ तास लागतात आणि प्रात्यक्षिकाचे ३०. म्हणजे ३० तास पूर्ण व्याख्यानात घालवले तर कागदावर २ श्रेयांक भरतात आणि तेच तास हाताने काम करण्यात घालवले तर एकच. हा फरक कोणीतरी विचारपूर्वक ठेवलेला आहे. हाताला काम यायला वेळ लागतो, हे त्या आकड्यातच मान्य केलेले आहे.

त्या विद्यार्थिनीच्या भेटीनंतर पुढच्या वर्षी आम्ही वस्तू व सेवा कराचा अभ्यासक्रम मोडून पुन्हा बांधला. तास फारसे वाढवले नाहीत, पण ते ६ दिवसांऐवजी ९ आठवड्यांवर पसरले. कारण सरळ आहे. हा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि तेव्हापासून करसल्लागाराच्या कार्यालयाचा महिना त्याच्या तारखांवर चालतो. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याची विक्रीची माहिती, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जायला हवी. १४ तारखेला खरेदीच्या बाजूची जीएसटीआर-२बी तयार होते. आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचे सारांश विवरणपत्र, भरून कर जमा करायचा असतो. ५ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला तिमाहीचा पर्याय आहे, त्याचे वेळापत्रक निराळे. सलग ६ दिवसांच्या वर्गात या तारखा फळ्यावर लिहिता येतात, पण १२ तारखेला कार्यालयात कोणते फोन येतात आणि १७ तारखेला कोणते, हे तिथे कळत नाही. ९ आठवड्यांत विद्यार्थ्याला ही फेरी दोनदा पाहायला मिळते. पहिल्यांदा तो गोंधळतो आणि दुसऱ्यांदा काय विचारायचे ते त्याला ठाऊक असते. शिकणे खऱ्या अर्थाने त्या दुसऱ्या फेरीत होते, असा माझा अनुभव आहे.

कामही आम्ही बदलले. दोन करसल्लागारांनी आपल्या पक्षकारांची नावे झाकून बिलांच्या प्रती दिल्या. विद्यार्थ्यांना कोणाचाही पासवर्ड दिला जात नाही, कोणाचेही विवरणपत्र ते प्रत्यक्ष भरत नाहीत. फक्त जुळणी करून न जुळणाऱ्या बिलांची यादी आणि प्रत्येकापुढे कारण, एवढे त्यांनी तयार करायचे. इथे सोलापूरचे स्थान आमच्या कामी येते. आमच्या बाजारात इचलकरंजीचा माल येतो तसा विजयपूर, कलबुर्गी आणि हैदराबादचाही येतो. त्यामुळे एकाच गठ्ठ्यात राज्यांतर्गत आणि आंतरराज्य खरेदी शेजारी शेजारी असते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक २७ असले तर पुरवठादार महाराष्ट्रातला, २९ असले तर कर्नाटकातला आणि ३६ असले तर तेलंगणातला, हे एकदा डोळ्यांत बसले की बिलावर राज्यांतर्गत खरेदीचे सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) असे दोन रकाने हवेत की आंतरराज्य खरेदीच्या आयजीएसटीचा एकच, हे विद्यार्थी पाहताक्षणी सांगू लागतो. ‘बिल हातात घेतल्यावर आधी काय बघायचे’ या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एवढे साधे होते, आणि ते आम्ही तिला ३० तासांत दिले नव्हते.

दुसरा अभ्यासक्रम शहराच्या पूर्व भागातला, यंत्रमागांच्या वस्तीतला. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, हे आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातून माहीत असते. पण ज्यांचे वडील यंत्रमागावर काम करतात आणि आई विड्या वळते, अशा मुलांनाही एका टॉवेलचा खर्च काढता येत नाही, कारण त्यांच्या कॉस्टिंगच्या पुस्तकातली उदाहरणे कुठल्या तरी अनाम ‘एक्स’ कंपनीची असतात. म्हणून आम्ही ‘वस्त्रोत्पादनातील परिव्यय’, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशोब, असा एक अभ्यासक्रम सुरू केला. एका कारखानदाराने आठवड्यातून एक सकाळ आम्हाला शेडमध्ये येऊ दिले. तिथली फेरी अशी होती: सुताची खरेदी, उभ्या धाग्याचे बीम, विणकाम, धुलाई, कापणी आणि शिलाई, बांधणी, बिल. टेरी टॉवेलमध्ये एक उभा धागा पायाचा, दुसरा उभा धागा लूप काढणारा आणि तिसरा आडवा, असे तीन वेगळे संच असतात आणि तिघांचे सूत वेगळे वजन खाते, हे कळायला आमच्या मुलांना दोन सकाळी लागल्या.

त्या अभ्यासक्रमातला एक प्रसंग सविस्तर सांगावासा वाटतो. टॉवेलचे माप ७५ बाय १५० सेंटिमीटर आणि जीएसएम ४००, म्हणजे दर चौरस मीटरला ४०० ग्रॅम, असे मागणीपत्रावर लिहिलेले होते. क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर, म्हणून वजन ४५० ग्रॅम यायला हवे, असे मुलांनी वहीत काढले. काट्यावर टॉवेल ठेवला तर तो ४३० ग्रॅमच्या आसपास भरला. पहिली शंका अर्थातच अशी आली की सूत हलके वापरले असणार. पण एका विद्यार्थ्याने, ज्याचे वडील अशाच एका शेडमध्ये माग चालवतात, टेप मागवला आणि टॉवेल मोजला. तो ७३ बाय १४७ निघाला. गुणाकार केला की १.०७३ चौरस मीटर होतात आणि ४०० च्या हिशोबाने वजन बरोबर ४२९ ग्रॅम येते. कापड ठरल्याप्रमाणेच होते, माप कमी होते. एका टॉवेलमागे २० ग्रॅम म्हणजे हजार टॉवेलांमागे २० किलो सूत, आणि मागणी देणाऱ्याने लक्ष दिले तर तेवढा माल परत येण्याची शक्यता. मुकादमाने त्यांना धुलाईनंतर कापड किती आक्रसते आणि त्यासाठी मागावर किती जास्तीचे माप धरावे लागते, ते समजावले. परिव्यय, प्रमाणित (आधी ठरवलेला) खर्च आणि विचलन (त्यापासून पडलेला फरक) हे तीन शब्द मी वर्गात अनेक वर्षे शिकवले आहेत. त्या सकाळी मुलांनी ते एका टॉवेलवर पाहिले आणि नंतर मला त्यावर एकही व्याख्यान द्यावे लागले नाही.

सगळ्याच कामांची फेरी सत्रात बसत नाही, ही अडचण खरी आहे. केगावला, जिथे आमचे विद्यापीठही आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी डाळिंबाची बाग असते. डाळिंबाच्या एका बहराचा जमाखर्च मांडायला शिकवावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. पण मृग बहर धरला तर जून-जुलैत फुले आणि साधारण सहा महिन्यांनी फळे. त्याआधी पाणी बंद ठेवून बागेला दिलेला ताण, छाटणी आणि खते यांचा खर्च वेगळाच. सत्राची मर्यादा पाळून हा अभ्यासक्रम घेतला, तर फवारणीचे पैसे वहीत लिहून विद्यार्थी परीक्षेला जाणार आणि तेल्या रोगाने किती फळे गेली, बाजारात दर काय मिळाला, हे त्याला कधीच लिहिता येणार नाही. अर्धा जमाखर्च शिकवणे म्हणजे न शिकवणेच. इथे ॲड-ऑनची मोकळीक उपयोगी पडते. तो गुणपत्रिकेत येत नसल्यामुळे त्याला एकाच सत्रात संपण्याचे बंधन नाही. जुलैत ४ वर्ग, मधल्या काळात महिन्यातून एकदा वहीची तपासणी, आणि तोडणीनंतर जानेवारीत उरलेले वर्ग अशी मांडणी आम्ही केली. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षांमुळे मध्ये काही मुले गळाली, पण उरलेल्यांच्या वह्या अशा होत्या की एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी पुढच्या वर्षी बँकेत पीककर्जाच्या बोलणीसाठी ती वही बरोबर नेली.

माझा हा नियम सगळीकडे लागू पडतो, असा माझा दावा नाही. आमच्या शहरात घरी तेलुगू बोलणारी आणि शाळेत मराठी शिकलेली मुले पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांना तेलुगू वाचता येत नाही. त्यांच्यासाठी भाषा विभागाने तेलुगू लिपीचा ३० तासांचा वर्ग घेतला. भाषा त्यांना येतच होती, फक्त डोळ्यांना अक्षरे ओळखायची होती, आणि ३० तास त्यासाठी पुरेसे ठरले. तिथे कामाची फेरी वगैरे शोधण्याचे कारण नव्हते. एका मुलीने आजीच्या पेटीतली जुनी पत्रे वाचून दाखवली, असे तिच्या शिक्षिकेने मला सांगितले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ज्याला पाया आधीच आहे, त्याला छोटा अभ्यासक्रम फार पुढे नेऊ शकतो.

स्वयंम्‌विषयी थोडे. २०१७ साली सुरू झालेल्या या व्यासपीठावर शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. त्यावरच्या एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या उपक्रमाच्या, अभ्यासक्रमांत दर आठवड्याच्या गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात आणि दोन्हींत किमान गुण मिळवल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. १२ आठवडे दर आठवड्याला गृहपाठ देण्याची शिस्त ज्या विद्यार्थ्याला झेपते, त्याला मी हा मार्ग नेहमी सुचवते. नोंदणी करून तिसऱ्या आठवड्यात सोडून देणारी मुलेही मी पाहिली आहेत आणि त्यांना दोष देताना मला संकोच वाटतो. मोहोळहून किंवा अक्कलकोटहून पहाटेची एसटी पकडून साडेसातच्या तासाला येणारी, घरी गेल्यावर शेतात किंवा दुकानात हातभार लावणारी ही मुले आहेत. त्यांना सोबत लागते. आठवड्यातून एकदा तोच अभ्यासक्रम करणाऱ्या पाचसहा जणांना ग्रंथालयात एकत्र बसवले, तर गळती खूप कमी होते.

एसटीचा विषय निघाला म्हणून हेही सांगते की आमचे चांगले अभ्यासक्रम अनेकदा वेळेमुळे बुडाले. दुपारी २ नंतरचा वर्ग म्हणजे गावाकडच्या मुलींना बंद दार. घरचे विचारतात, उशीर का झाला, आणि त्या प्रश्नापुढे कोणतेही प्रमाणपत्र टिकत नाही. आम्ही आता शेडमधल्या किंवा कार्यालयातल्या भेटी सकाळी नियमित तासांच्या जागी ठेवतो आणि त्या दिवसाचे तास इतर शिक्षकांशी बोलून बदलून घेतो. यासाठी प्राचार्यांपासून लिपिकापर्यंत सगळ्यांची मदत लागते, आणि मागितली तर ती मिळते.

श्रेयांकांचा प्रश्न विद्यार्थी आता आवर्जून विचारतात, आणि त्यांनी तो विचारावाच. शैक्षणिक श्रेयांक बँक २०२१ साली सुरू झाली. विद्यार्थ्याचे श्रेयांक त्याच्या अपार क्रमांकाशी (विद्यार्थ्याच्या कायमस्वरूपी ओळख क्रमांकाशी) जोडलेल्या खात्यात जमा होतात आणि कमाल ७ वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. पण महाविद्यालयाने स्वतःच्या पातळीवर दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र तिथे आपोआप जमा होत नाही. विद्यापीठाची मान्यता असेल तरच ते शक्य आहे. म्हणून पैसे भरण्याआधी कार्यालयात जाऊन, हे श्रेयांक माझ्या खात्यात येणार का, असे स्पष्ट विचारावे. येणार नसतील तरी अभ्यासक्रम करण्यासारखा असू शकतो. आमचा टॉवेलचा अभ्यासक्रम कोणाच्याही खात्यात एकही श्रेयांक टाकत नाही. मात्र ते आधी माहीत असले पाहिजे. दुसरा प्रश्न मी मुलांना विचारायला सांगते तो असा: शेवटच्या दिवशी माझ्या हातात प्रमाणपत्राशिवाय काय असेल? जुळणीची यादी, खर्चाचा तक्ता, बहराची वही, असे काही उत्तर मिळाले तर नाव नोंदवावे. उत्तरात नुसते ‘ज्ञान’ आणि ‘आत्मविश्वास’ असे शब्द आले, तर आणखी चौकशी करावी.

संख्येविषयीही माझे मत बदलले आहे. पूर्वी एका अभ्यासक्रमाला ८० नावे आली की आम्हाला समाधान वाटायचे. आता कराच्या अभ्यासक्रमाला २४ आणि शेडमध्ये १५, यापुढे आम्ही नावे घेत नाही, कारण मागाच्या आवाजात सोळाव्या माणसाला मुकादमाचे बोलणे ऐकू जात नाही. अहवालात हा आकडा लहान दिसतो, हे मला मान्य आहे. आमचे विद्यापीठ २००४ साली एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले, त्यामुळे इथला शिक्षक, इथला कारखानदार आणि इथला करसल्लागार एकमेकांच्या ओळखीतले असतात, आणि वर्गात १५ जण असतील तर त्यांच्यातल्या प्रत्येकाविषयी मी फोनवर खात्रीने चार वाक्ये सांगू शकते. ८० जणांविषयी मला ते कधीच जमले नाही.

यंदा कराचा अभ्यासक्रम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आहे, म्हणजे ११ तारखेची पहिली घाई मुलांना लगेच पाहायला मिळेल. सुरुवातीला ज्या विद्यार्थिनीविषयी लिहिले, ती आता त्या कार्यालयात नव्या मुलांना काम शिकवते. दुसऱ्या फेरीतल्या दोन सकाळी तिने घ्याव्यात, असे मी तिला विचारले आणि ती हो म्हणाली. तिने एकच अट घातली आहे: पहिल्या सकाळी मुलांना काहीही न समजावता बिलांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवायचा आणि अर्धा तास त्यांना स्वतःहून शोधू द्यायचे.